करडी बाही

रविवारी सकाळी दहाला पाच कमी असताना तपासनिसाने एका मेलेल्या माणसाला बरं कर, अशी देवाकडे प्रार्थना केली. मेलेला माणूस म्हणजे चर्चमध्ये वर्षानुवर्षं ऑर्गन वाजवणारे काका. गुरुवारी दुपारी त्यांना माती दिली होती, आणि शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तपासनीस पुढून उजवीकडे होता. प्रार्थना नेहमीच्या क्रमाने झाली. आधी राज्यकर्ते, मग पाऊसपाणी, मग अनाथाश्रम, मग आजारी, आणि आजाऱ्यांत पहिलं नाव ऑर्गनवाल्या काकांचं. ‘तुझा हात त्यांच्यावर ठेव, त्यांना अंथरुणातून उठव, पुन्हा तुझी स्तुती वाजवायला त्यांच्या बोटांत बळ दे.’ मंडळी आमेन म्हणाली. दुसऱ्या रांगेत बसलेल्या काकूंनी, म्हणजे काकांच्या विधवेनेही, आमेन म्हटलं. तपासनिसाने डोळे उघडले तेव्हा त्याला एवढंच दिसलं की पाळकसाहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलाय आणि ते चष्म्यावरून त्याच्याकडे बघताहेत. तो जागेवर येऊन बसला. शेजारी खजिनदार होता, शाळेपासूनचा मित्र. तो गीताचं पान काढता काढता, ओठ न हलवता म्हणाला, “लाजर मेल्यावर चौथ्या दिवशी कबरीतून उठला होता. काकांना उद्यापर्यंत मुदत देऊ.” तपासनिसाला विनोद कळायला गीताचं पहिलं कडवं संपावं लागलं. दुसऱ्या कडव्याला त्याने पुस्तक चेहऱ्यापाशी धरलं. तिसऱ्या कडव्याला तो इतरांबरोबर गात होता, सुरात, आणि शब्द बरोबर होते, आणि हेच त्याला सर्वांत वाईट वाटलं.

जीभ घसरली, असं तो स्वतःला सांगत राहिला. काका दीड वर्ष अंथरुणाला खिळून होते. दीड वर्ष त्यांचं नाव त्याच जागी, अनाथाश्रमानंतर, येत होतं. पाय जसे अंधारात जिना ओळखतात तशी जीभ त्या नावावर आली आणि पुढे गेली. मंडळीत अशी चूक कोणाकडूनही होऊ शकते. पण तपासनीस कोणीही नव्हता. कापडगिरणीच्या तपासणी खात्यात तो डोळ्यांत तेल घालून बसतो म्हणून त्याला मजुरीपेक्षा मान जास्त मिळत होता; उजेड लावलेल्या काचेवरून ताणून धरलेलं कापड सरकत जातं आणि त्यातली गाठ, तेलाचा ठिपका, सुटलेला धागा त्याच्या नजरेतून निसटत नाही. गिरणीत त्याला ‘दुर्बीण’ म्हणत. मंडळीतही थोडंफार तेच होतं. कोण उशिरा आलं, कोणाच्या पोराच्या तोंडाला सिगारेटचा वास येतो, कोणाच्या घरात देवाचं नाव फक्त रविवारी निघतं, हे त्याला दिसे, आणि जे दिसे ते तो प्रार्थनेत आणी. नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं. पाळकसाहेब एकदा हसत म्हणाले होते, “तुम्ही देवाला फार माहिती पुरवता.” त्याने ती स्तुती समजली होती.

उपासना सुटल्यावर काकू दाराशी थांबल्या होत्या. तपासनीस बाजूने निसटायला बघत होता, पण त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. काकूंना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या स्वतःही मोठ्याने बोलत. “बरं वाटलं हो ऐकून,” त्या म्हणाल्या. “दीड वर्ष नाव घेतलंत त्यांचं. एकदम कसं सुटेल? मलाही अजून त्यांचा खोकला ऐकू येतो. आणि मला तर खरा खोकलासुद्धा नीट ऐकू येत नव्हता.” त्या हसल्या. तपासनीस काहीतरी पुटपुटला. “नाही नाही, तुमच्या घराने खूप केलं आमचं,” काकू म्हणाल्या. “तुम्ही इथे प्रार्थना करायची, लेकीने तिथे नखं कापायची.”

“कोणाच्या लेकीने?” त्याने विचारलं. ते त्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून त्याने पुन्हा, जरा जोरात विचारलं, आणि पायऱ्यांवरच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं.

“कोणाच्या म्हणजे? तुमच्या. दर बुधवारी संध्याकाळी येते, कामावरून सरळ. त्यांचे हात कोमट पाण्यात धरायची, नखं कापायची. ऑर्गन वाजवणाऱ्याचं नख वाढलेलं त्यांना खपायचं नाही. बोटं हलत नव्हती तरी नखं कापलेली पाहिजेत. आता म्हणते, काकू, बुधवार मोकळा कशाला ठेवू, तुमची कापते.” काकूंनी आपली बोटं पसरून दाखवली. नखं वाढलेली होती, कडा खडबडीत.

काकूंचं घर तपासनिसाच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. दीड वर्षात तो तिथे गेला नव्हता. जायचं ठरवलं नव्हतं असंही नाही. पण रविवारी सगळ्यांसमोर नाव घेतलं की आठवड्याचं काम झाल्यासारखं वाटे, जसा तागा तपासून शिक्का मारला की तो गोदामात जातो आणि आपला संबंध संपतो. आणि मुलगी. मुलगी दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होती. तिच्यासाठी तो रोज प्रार्थना करायचा. तिचं नाव आजाऱ्यांनंतर, ‘दूर गेलेले’ या सदरात येई. दूर गेलेली मुलगी दर बुधवारी दोन गल्ल्यांवर येत होती.

घरी परतताना बायको नेहमीसारखी अर्धं पाऊल मागे चालत होती. तिला भरभर चालता येत नाही असं तो समजे. त्याने न वळता विचारलं, “तुला माहीत होतं?”

“काय, बुधवारचं? हो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत का कधी? फोन आला की तुम्ही आंघोळीला जायचात.” हे खरं होतं. फोन कोणाचा ते त्याला कळे आणि तो कानाडोळा करी. त्यालाच तो सहनशीलता म्हणायचा. थोडं चालून बायको म्हणाली, “जाऊ दे ना आता. गुरुवारी मिटलं सगळं.”

“काय मिटलं?”

“अहो, असं काय करता? मातीच्या वेळी तुम्ही तिच्या हातात फावडं दिलंत की. मी पलीकडून बघत होते. रात्री फोनवर रडली ती. म्हणाली, आई, बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी फावडं माझ्याच हातात दिलं, शेजारी खजिनदारकाका उभे होते तरी.” बायको आता त्याच्या बरोबरीने आली होती. “म्हटलं बरं झालं. तुम्हाला बोलून काही जमलंच नसतं. पुढच्या रविवारी जेवायला येते म्हणाली. मी म्हटलं, तुमच्या कानावर घालते.”

तपासनीस थांबला. रस्त्यात एक सायकल घंटी वाजवत त्याला वळसा घालून गेली. गुरुवारपासून बायको कामं करताना गुणगुणत होती. ते त्याला ऐकू आलं होतं, आणि सुतकाच्या घरातून आल्यावर हे बरं नव्हे, असं त्याच्या मनातही आलं होतं. “ऐकताय ना?” बायको म्हणाली. तो म्हणाला, “हो.” मग म्हणाला, “येऊ दे.” बायकोने त्याच्या कोपराला हात लावला आणि लगेच काढून घेतला, जणू भाजलं.

त्याने गुरुवार आठवून पाहिला. आठवत खूप होतं, हीच अडचण होती. शवपेटीवर मंडळीचं जुनं जांभळं कापड घातलं होतं आणि त्यात, मधल्या क्रुसाच्या डाव्या हाताखाली, एक बाणा सुटलेला होता. आडवा धागा. वीतभर लांब रेघ, उजेड तिरका पडला तरच दिसणारी. खांदा देऊन चालताना ती रेघ त्याच्या नाकासमोर होती आणि तो मनाशी म्हणत होता, हे कापड घेतलं तेव्हा तपासलं कोणी? पेटी खाली उतरवली, पाळकसाहेब बोलले, मग एकेकाने फावडंभर माती टाकायची होती. त्याने टाकली. ओली, जड माती होती, खडे होते. मग त्याने फावडं शेजारी दिलं. शेजारी एक बाही होती. करडी, लोकरीची, आणि कफाच्या शिवणीतून एक धागा सुटून लोंबत होता, बोटभर. ओढला तर सगळी कड उसवेल, असं त्याला वाटलं होतं. बाहीतून हात पुढे आला, हाताने फावडं घेतलं. त्या हाताचा चेहरा त्याने पाहिला नव्हता. धागा पाहिला होता. तो धागा आता, भर रस्त्यात, त्याला इतका स्पष्ट दिसत होता की त्याचा पीळ कोणत्या बाजूला आहे हेही सांगता आलं असतं.

दुपारभर तो खिडकीपाशी बसून राहिला. बायको आत रविवारच्या जेवणाचं बोलत होती, एक खुर्ची डुगडुगते ती ठोकून घ्या म्हणत होती. सांगायचं म्हटलं तर एका वाक्याचं काम होतं: मी तिला ओळखलं नव्हतं. पण ते वाक्य तोंडाबाहेर पडलं की बायकोचं गुणगुणणं थांबणार आणि खुर्ची डुगडुगतीच राहणार. आणि न सांगून कोणाचं वाईट होत होतं? मुलीला बाप मिळाला, बायकोला मुलगी मिळाली. देवाने त्याच्या आंधळेपणाचा उपयोग करून घेतला, असंही म्हणता आलं असतं. मंडळीत असली साक्ष लोक डोळे पुसत ऐकतात. तो तशी साक्ष मनात रचू लागला आणि दोन वाक्यं छान जमलीही, तेव्हा त्याला किळस आली. हाच आवाज. हाच तो आवाज ज्याने मुलीला घालवलं होतं.

ती गेली तो रविवारही असाच साधा होता. आदल्या रात्री जेवण झाल्यावर ताटं उचलता उचलता ती म्हणाली होती, “बाबा, मला हल्ली प्रार्थना येत नाही. तोंड उघडते आणि पुढे काहीच नसतं. कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय.” त्याने काय उत्तर दिलं ते त्याला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने ते मंडळीपुढे मांडलं. नाव घेतलं नाही. ‘आमच्या घरातल्या एका लेकराच्या डोळ्यांवरचं झापड दूर कर, प्रभू, ती आंधळी झाली आहे.’ घरात लेकरू एकच होतं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. तो बराच वेळ प्रार्थना करत होता, डोळे घट्ट मिटून, आणि आवाज भरून आला होता, खोटा नव्हता तो. डोळे उघडले तेव्हा तिसऱ्या रांगेत बायकोशेजारी जागा रिकामी होती. ती कधी उठली, कशी गेली, दार वाजलं का, हे त्या चर्चमधल्या प्रत्येकाने पाहिलं होतं, त्याच्याखेरीज. कारण बाकी कोणाचे डोळे मिटलेले नव्हते.

सोमवारी तो कामावर गेला. कामाने माणूस जाग्यावर येतो, असा त्याचा अनुभव होता. दिवे लावले, काच पुसली, पहिला तागा चढवला. पलीकडच्या टेबलावर एक ठसठशीत बाई बसायची, वीस वर्षं शेजारी, जिची जीभ मागावरच्या धोट्यासारखी चाले. दुपारच्या सुटीआधी एक तागा संपला आणि त्याने शिक्का मारून तो ढकलला, तेव्हा ती म्हणाली, “दुर्बीण, एक सांगा. हा तागा कुठल्या रंगाचा होता?”

त्याने तोंड उघडलं. शिक्का अजून हातात होता. तागा खातं ओलांडून पलीकडे गेला होता.

“बघा,” बाई म्हणाली. “एकही खूण केली नाहीत, म्हणजे माल चांगला होता. चांगला होता म्हणून दिसलाच नाही. मी माझ्या नवऱ्याला हेच सांगते, की बाबा, भाजीत मीठ बरोबर असतं त्या दिवशी पण बोल काहीतरी.” ती स्वतःच्या विनोदावर हसली आणि डबा उघडायला गेली. तपासनीस गोदामाच्या दाराशी गेला. तागा ढिगावर वरच होता. हिरवा. फिकट, पाण्यासारखा हिरवा, आणि त्यात उभ्या बारीक पांढऱ्या रेघा, अंतरं सोडून. कोणाच्या तरी खिडकीला पडदा होईल असं कापड. त्याने दीडशे वार हे कापड नजरेखालून घातलं होतं. तो तिथे उभा राहिला आणि त्याला लहानपणची, म्हणजे मुलीच्या लहानपणची, एक गोष्ट आठवली. रविवारच्या वर्गात तो मुलांना त्या आंधळ्याची गोष्ट सांगत होता, ज्याला पहिल्या स्पर्शानंतर अर्धवटच दिसलं. माणसं दिसली, पण चालत्या झाडांसारखी. मग प्रभूने पुन्हा हात ठेवले आणि सगळं लख्ख दिसलं. मुलगी पुढे बसली होती, दात पडलेले. तिने हात वर केला. “म्हणजे पहिल्यांदा देवाचं चुकलं का?” पोरं हसली. तो म्हणाला, “असं विचारायचं नसतं.” ती म्हणाली, “मग त्या माणसाने खोटंच का नाही सांगितलं, की दिसतंय म्हणून? देवाला वाईट वाटलं असतं ना.” त्याने तिला मागच्या बाकावर बसवलं होतं. आता, हिरव्या ताग्यावर हात ठेवून, त्याला वाटलं की तिचा प्रश्न बरोबर होता आणि उत्तर त्यातच होतं. त्या माणसाने खरं सांगितलं, अर्धवट दिसतंय म्हणून, यासाठीच दुसऱ्यांदा हात ठेवले गेले. दिसतंय म्हणाला असता तर जन्मभर झाडं बघत राहिला असता, आणि साक्ष देत फिरला असता.

त्या संध्याकाळी जेवणाआधी तो नेहमीप्रमाणे आशीर्वाद मागायला बसला, आणि डोळे मिटायचे राहून गेले. समोर बायको बसली होती. तिचेही डोळे उघडे होते आणि नजर चुलीकडे होती.

“डोळे उघडे ठेवून?” तो म्हणाला.

“मी नेहमीच उघडे ठेवते,” बायको म्हणाली. “दूध कोणी बघायचं?”

त्याला हसू आलं. बायकोलाही आलं. मग त्याने प्रार्थना केली, उघड्या डोळ्यांनी. राज्यकर्ते आले नाहीत, पाऊसपाणी आलं नाही. मुलीचं नाव घेतलं आणि पुढे काहीच नव्हतं. तोंड उघडं होतं आणि पुढे काहीच नव्हतं. तर हे असं असतं, एवढं त्याला कळलं. बायको थांबली, मग तिने आमेन म्हटलं आणि दूध उतरवायला उठली. तो म्हणाला, “गुरुवारी मी तिला ओळखलं नाही.” बायकोची पाठ त्याच्याकडे होती. तिने पातेलं खाली ठेवलं, फडकं घडी केलं, पुन्हा उलगडलं. मग ती म्हणाली, “मला कशाला सांगता? मी फावडं घेतलं नव्हतं.” मंगळवारी ती कामापुरतंच बोलली. गुणगुणणं थांबलं होतं. खुर्ची मात्र त्याने मंगळवारी ठोकली. एक पाय आखूड होता, खाली चामड्याचा तुकडा बसवला.

बुधवारी तो गिरणीतून लवकर निघाला आणि दोन गल्ल्या चालत काकूंकडे गेला. काकूंनी दार उघडलं आणि तो येणारच होता अशा थाटात आत नेलं. खोली लहान होती. खिडकी एकच, पश्चिमेची. खिडकीखाली काकांचा पलंग, आवरलेला, आणि पलंगाखाली पातळ तळव्यांचे काळे बूट, ऑर्गनच्या पायपट्ट्या दाबताना घालायचे, उजव्याची टाच झिजलेली. ती टाच त्याला आधी दिसली. मग त्याने मुद्दाम वर पाहिलं: भिंतीवर काकांचा तरुणपणीचा फोटो, हसताना, एक दात किंचित वाकडा. वर्षानुवर्षं ज्याची पाठ पाहिली होती त्या माणसाचा चेहरा असा होता. “तुमची वाट बघायचे ते,” काकू म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. “म्हणायचे, तो फार सुरात गातो, पण ऑर्गन ऐकत नाही. एकदा येऊ दे, सांगतो त्याला.” तपासनीस खिडकीशेजारच्या खुर्चीवर बसला. काकूंनी वाडग्यात कोमट पाणी आणून ठेवलं आणि त्यात बोटं बुडवून बसल्या, लहान मुलीसारख्या.

दार ढकलून ती आत आली. केस कापले होते, मानेपर्यंत. अंगात तोच करडा लोकरी कोट. कफाचा धागा कापून टाकलेला होता. चेहरा बापाच्या आईसारखा होत चालला होता, रुंद कपाळाचा; हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. डाव्या भुवईत एक पांढरा केस होता. ती थबकली, मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमलायला लागलं. “बाबा,” ती म्हणाली. “आईने सांगितलं ना, रविवारचं?”

“सांगितलं,” तो म्हणाला. तिने कोट काढून पलंगावर टाकला, स्टूल ओढलं, काकूंचा एक हात पाण्यातून काढून पंच्याने टिपला. तिच्या हालचाली सवयीच्या होत्या. कात्री लावायच्या आधीच बोलायला हवं, असं त्याला वाटलं, कारण नंतर तिचा हात हलला असता. “गुरुवारी,” तो म्हणाला, “मी तुझ्या हातात फावडं दिलं. ते तुला दिलं नव्हतं. कोण आहे ते मी पाहिलंच नाही. बाही पाहिली.” काकू एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या, त्यांना ऐकू येत नव्हतं. “आणि त्या रविवारी, तू उठून गेलीस तेव्हाही पाहिलं नाही. तू मला सांगितलं होतंस, मंडळीला नाही. आंधळं कोण होतं ते मला आता थोडंथोडं दिसतंय. सगळं नाही.”

मुलगी खाली बघत होती. काकूंचा हात तिच्या हातात होता आणि कात्री उघडी. बाहेरून कोणीतरी शिटी वाजवत गेलं. चेहऱ्यावर जे उमलायला लागलं होतं ते तिथे नव्हतं. त्याच्या जागी काय आलं ते त्याला ओळखता येईना, पण त्याने नजर हलवली नाही.

“सरका जरा,” ती म्हणाली. “उजेड अडतोय.”

तो उठला, खुर्ची उचलून भिंतीपाशी ठेवली आणि बसला. खिडकीतलं ऊन काकूंच्या बोटांवर आलं. तिने अंगठ्यापासून सुरुवात केली. सहा वाजता ती दुसऱ्या हाताच्या करंगळीवर होती. तोवर ती आणखी काही बोललेली नव्हती, आणि तो अजून तिथेच बसलेला होता.